रिझ, करिष्मा आणि माणसाची ओढ

मोबाइलवरच्या रील्समधून गेल्या काही वर्षांत एक आखूड इंग्रजी शब्द आपल्या कॉलेजातल्या मुलामुलींच्या तोंडी आला आहे : रिझ. मुंबई-पुण्यातली मुले तो वापरतात, तसा खानदेशातल्या बोदवड, मुक्ताईनगर, जामनेरकडची मुलेही वापरतात. ‘त्याच्यात रिझ आहे’, ‘तिचा रिझ जबरदस्त’ असे घरात कानावर पडले की मोठ्यांना वाटते, हे काहीतरी नवे खूळ असावे. शब्द नवा आहे हे खरे. पण त्याच्या पोटातला प्रश्न फार जुना आहे. दहा माणसे एका ठिकाणी बसलेली असतात आणि आपले लक्ष त्यांतल्या एकाकडेच का जाते? एखाद्याने हाक मारली की घरदार सोडून माणसे त्याच्यामागे का निघतात? या प्रश्नाचे उत्तर शोधायला बोदवडहून फार लांब जावे लागत नाही. खानदेशात त्याची अस्सल उदाहरणे आहेत. आधी शब्दाची नीट ओळख करून घेऊ, मग त्या उदाहरणांकडे वळू.

शब्दाचा जन्म

४ डिसेंबर २०२३ रोजी ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘रिझ’ हा त्या वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला. त्याआधी लोकांकडून मते मागवली होती आणि ३० हजारांहून अधिक जणांनी मत दिले होते. ऑक्सफर्डने दिलेला अर्थ थोडक्यात असा : आपल्या बोलण्याने, वागण्याने, ढंगाने समोरच्याला आकर्षून घेण्याची हातोटी, विशेषतः प्रेमाच्या नात्यात. हा शब्द पसरवण्याचे मोठे श्रेय काई सेनात या अमेरिकी तरुणाला दिले जाते. इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणारा हा तरुण आणि त्याचे मित्र २०२२ च्या सुमारास तो सर्रास वापरत होते. जून २०२३ मध्ये ‘स्पायडरमॅन’मधला नट टॉम हॉलंड याने एका मुलाखतीत आपल्याकडे रिझ अजिबात नाही असे सांगितले आणि शब्द जगभर पसरला.

रिझ हा ‘करिझ्मा’ या इंग्रजी शब्दाचा मधला तुकडा आहे, असे मानले जाते. आपण मराठीत ‘करिष्मा’ लिहितो, पण इंग्रज माणूस उच्चार करताना जोर देतो तो मधल्या ‘रिझ’वरच. पुढचे-मागचे गळून पडले आणि जोराचा तुकडा तेवढा उरला. इंग्रजीत असे शब्द आणखीही आहेत. ‘रेफ्रिजरेटर’चा ‘फ्रिज’ झाला, ‘इन्फ्लुएन्झा’चा ‘फ्लू’ झाला.

हा शब्द नाम म्हणून येतो, तसा क्रियापद म्हणूनही येतो. एखाद्याला ‘रिझ अप’ करणे म्हणजे गोड बोलून त्याचे मन आपल्याकडे वळवणे. शब्द बोलीतला आहे. मित्रांच्या गप्पांत तो शोभतो. नोकरीच्या अर्जात, शिक्षकांना लिहिलेल्या पत्रात किंवा परीक्षेच्या निबंधात शोभत नाही. एखाद्या वडीलधाऱ्या नेत्याचे वर्णन करताना ‘रिझ’ म्हणणे चुकीचे ठरेल. तिथे ‘करिझ्मा’ हाच शब्द हवा, कारण त्यात प्रेमाची छटा नसून प्रभावाची आहे. घरी येताच सगळ्यांशी हसून बोलणाऱ्या, पाहुण्यांना आपलेसे करणाऱ्या माणसाबद्दल इंग्रजीत ‘चार्म’ म्हणतात. मराठीत आपण त्याला लाघवी म्हणतो. दिसण्याची, कपड्यांची, झगमगाटाची मोहिनी असेल तर ‘ग्लॅमर’. चार शब्द जवळचे आहेत, पण प्रत्येकाची जागा निराळी आहे.

मंत्र, जादू आणि देणगी

या कुटुंबातल्या शब्दांची मुळे पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. ‘चार्म’ हा लॅटिन ‘कार्मेन’पासून आला, त्याचा अर्थ गीत किंवा मंत्र. ‘ग्लॅमर’ हा ‘ग्रामर’चा स्कॉटलंडमध्ये झालेला अपभ्रंश. अक्षरशत्रू लोकांना व्याकरण जाणणारा पंडित मांत्रिक वाटे, म्हणून त्या शब्दाला जादूटोण्याचा अर्थ चिकटला. ‘फॅसिनेट’च्या मुळाशी नजर लागण्याची कल्पना आहे. मराठीतही तसेच आहे. आपण मोहिनी घालतो, भुरळ पाडतो, भूल पाडतो. एका माणसाचा दुसऱ्यावर एवढा ताबा कसा चालतो याचा उलगडा होत नव्हता, तेव्हा लोकांनी त्याला चेटूक मानले.

‘करिझ्मा’ मात्र या रांगेत बसत नाही. ग्रीक भाषेत ‘खारिस’ म्हणजे कृपा आणि ‘खारिस्मा’ म्हणजे कृपेने मिळालेली देणगी. पहिल्या शतकात संत पॉल यांनी करिंथ गावातल्या ख्रिस्ती मंडळींना लिहिलेल्या पत्रात हा शब्द येतो. कुणाला ज्ञानाची देणगी असते, कुणाला रोग बरे करण्याची, कुणाला भविष्य सांगण्याची. पण प्रत्येकाला ती मिळते ती सर्वांच्या हितासाठी, असे त्यांचे सांगणे आहे. मूळ शब्दातच एक जबाबदारी आहे : जे मिळाले ते इतरांसाठी वापरायचे.

मराठी वाचकाला इथे दोन योगायोगांची माहिती हवी. आपल्या वर्तमानपत्रांतला ‘करिष्मा’ या ग्रीक शब्दातून आलेला नाही. तो फारसीतल्या ‘किरिश्मा’तून उर्दू-हिंदीमार्गे आला. फारसीत त्याचा अर्थ नेत्रकटाक्ष, नखरा असा होता; हिंदुस्थानात त्याला चमत्कार, अद्भुत गोष्ट असा अर्थ मिळाला. पुढे इंग्रजी ‘करिझ्मा’ आपल्याकडे पोचला तेव्हा उच्चार इतका सारखा निघाला की दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले. आज ‘नेत्याचा करिष्मा चालला’ असे लिहिणारा वार्ताहर नकळत फारसीतून आलेला चमत्कार आणि ग्रीक देणगी एकाच शब्दात बांधत असतो.

दुसरा योगायोग ‘रिझ’चा. मराठीत ‘रिझणे’ आणि ‘रिझवणे’ ही क्रियापदे किती जुनी आहेत! इंग्रजी रिझशी त्यांचे नाते काहीही नाही. पण आपल्या क्रियापदात एक शहाणपण आहे, जे त्या इंग्रजी नामात नाही. इंग्रजी बोलीत रिझ एखाद्याजवळ ‘असतो’, खिशात पैसे असावेत तसा. मराठीत मात्र ‘रिझणारा’ हा समोरचा माणूस असतो. कीर्तनकार रिझवण्याचा प्रयत्न करील, पण रिझायचे की नाही हे श्रोता ठरवतो. ओढ लावणाऱ्याइतकाच ओढला जाणाराही तिच्यात सामील असतो, हे आपल्या भाषेने केव्हाच ओळखले आहे.

माक्स वेबर यांचे म्हणणे

हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली ती जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी. ‘करिझ्मा’ हा शब्द चर्चच्या इतिहासातून उचलून त्यांनी राजकारणाच्या आणि समाजाच्या अभ्यासात आणला. जानेवारी १९१९ मध्ये म्युनिकला दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी सत्तेचे तीन प्रकार सांगितले. पहिली परंपरेची सत्ता : पाटलाचा मुलगा पाटील, म्हणून त्याचे ऐकायचे. दुसरी नियमांची : तहसीलदार कोण आहे हे महत्त्वाचे नाही, खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याचा शेरा चालतो. तिसरी करिष्म्याची : पद नाही, घराणे नाही, तरीही लोक ऐकतात, कारण त्या माणसात काही असाधारण आहे असा त्यांचा विश्वास असतो.

वेबर यांचा भर होता तो या विश्वासावर. त्या माणसात खरोखर अलौकिक गुण आहे की नाही, हा त्यांच्या दृष्टीने दुय्यम प्रश्न होता. अनुयायांनी तो मानला, हे निर्णायक. म्हणून करिष्मा अस्थिर असतो. मानणारे उठून गेले की तो संपतो. त्यांचे हे लेखन १९४० च्या दशकात इंग्रजीत आले, तेथून हा शब्द अमेरिकी विद्यापीठांत आणि मग पत्रकारांच्या हाती गेला. चित्रपटातल्या नटापासून क्रिकेटपटूपर्यंत तो सगळ्यांना लागू लागला. त्याचे पुढचे आखूड रूप म्हणजे आजचा रिझ.

चांगदेवांचा वाघ

आता बोदवडच्या शेजारच्या मुक्ताईनगर तालुक्यात जाऊ. तिथे तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव हे गाव आहे आणि चांगदेवांचे जुने दगडी मंदिर आहे. जवळच मेहूण आणि कोथळी ही मुक्ताबाईंची स्थाने आहेत. आषाढीला मुक्ताबाईंची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. वारकरी परंपरेत सांगितली जाणारी चांगदेवांची कथा या परिसरातल्या प्रत्येक लहान मुलाला ठाऊक असते. चौदाशे वर्षे जगलेले योगी, सिद्धी हाताशी, शिष्यांचा मोठा गोतावळा. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला बसले, पण वयाने लहान आणि ज्ञानाने मोठ्या माणसाला मायना काय लिहावा हे न सुचल्याने कोरा कागद धाडला. त्याला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. मग चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटीला आले आणि ज्ञानेश्वर, मुक्ताबाई ही भावंडे भिंतीवर बसून सामोरी गेली. अखेरीस या महायोग्याने गुरू मानले ते मुक्ताबाईंना, म्हणजे एका लहान मुलीला.

कथेकडे कथा म्हणून पाहिले तरी तिच्यात आकर्षणाचे दोन प्रकार स्वच्छ दिसतात. वाघ आणि साप हा चमत्काराच्या अर्थाने करिष्मा आहे. पाहणाऱ्याला थक्क करणारा. मुक्ताबाईंनी वेगळे काही केले. एवढी सिद्धी मिळवूनही कोरा राहिलेला हा वृद्ध माणूस आतून काय शोधतो आहे, ते त्यांनी ओळखले. थक्क झालेला माणूस घरी निघून जातो. ज्याला कुणी आतून ओळखले, तो मात्र शिष्य होऊन राहतो. लोकपरंपरेने शेकडो वर्षे ही कथा जपली, कारण या दोहोंत श्रेष्ठ कोण याचा निवाडा तिने केला आहे.

अमळनेरचे गुरुजी

दुसरे उदाहरण इतिहासातले आहे. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगडला झाला. १९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून आले. तीच पुढे प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली गेली. आजच्या मोजपट्टीने पाहिले तर या माणसाकडे रिझ म्हणावे असे काही नव्हते. स्वभाव लाजाळू, राहणी अगदी साधी, डोळ्यांत चटकन पाणी येई. तरीही विद्यार्थी त्यांच्यामागे वेडे झाले.

हे कसे घडले, ते त्यांच्या रोजच्या कामात पाहायला मिळते. ते वसतिगृहाचे प्रमुख होते. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे ही कामे ते स्वतः करत. मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. रोज अनेक पाने आपल्या अक्षरात, वसतिगृहातल्या मूठभर वाचकांसाठी! पुढे त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले. प्रत्येक मुलाला आपण गुरुजींचे खास आहोत असे वाटे, कारण गुरुजींनी प्रत्येकाला खरोखर तेवढे लक्ष दिलेले असे. १९३० मध्ये त्यांनी नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली, तेव्हा या मुलांपैकी अनेकांच्या मनात राष्ट्रकार्याचे बी पडलेले होते.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दोन अगदी भिन्न प्रकृतीची माणसे एकत्र आली. विनोबा भावे कोरड्या विरक्तीचे, मोजके बोलणारे. साने गुरुजी भावनेने भरलेले. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, अठरा रविवारी, विनोबांनी कैद्यांसमोर गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्याला मिळाले ते त्या टिपणांमुळे. विनोबांच्या शब्दांत ओढ होती हे खरे. पण ती टिकून राहिली एका श्रोत्याने जीव ओतून ऐकले म्हणून. ऐकणाऱ्याचा वाटा केवढा असतो, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. आणि गुरुजींची स्वतःची ओढही याच ऐकण्यातून आलेली होती. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून ते उपोषणाला बसले आणि मंदिर खुले झाले. जवळ पद नव्हते, पैसा नव्हता, तरी महाराष्ट्र हलला.

वेबर म्हणतात, करिष्मा टिकायचा असेल तर त्याला संस्थेचे रूप घ्यावे लागते. ११ जून १९५० रोजी गुरुजी गेले. पण १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक आजही निघते.

अभ्यासकांना काय आढळले

ओढ शिकता येते का? स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठाचे जॉन अँटोनाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली या प्रश्नावर संशोधन प्रसिद्ध केले. प्रभावी बोलणाऱ्यांच्या बारा लकबी त्यांनी शोधल्या. त्यांत गोष्ट सांगणे, उपमा देणे, परस्परविरोधी बाजू समोरासमोर ठेवणे, प्रश्न विचारणे, श्रोत्यांच्या मनातले बोलणे या गोष्टी येतात. या लकबींचा सराव केलेली माणसे इतरांना अधिक प्रभावी वाटू लागली. ही यादी वाचताना गाडगेबाबांचे कीर्तन आठवल्याशिवाय राहत नाही. शेजारच्या वऱ्हाडातले गाडगेबाबा गावात आल्यावर आधी हातातल्या खराट्याने गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना साधेसाधे प्रश्न विचारत. उत्तरे लोकांकडूनच येत आणि त्या उत्तरांतून आपली अंधश्रद्धा, आपले कर्ज, आपले व्यसन लोकांना स्वतःच दिसू लागे.

हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही इथे सांगण्याजोगा आहे. संभाषणात जे लोक अधिक प्रश्न विचारतात, आणि विशेषतः समोरच्याच्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न विचारतात, ते अधिक आवडतात, असे त्यात दिसले. स्वतःची छाप पाडायला निघालेला माणूस बहुधा स्वतःविषयी बोलत राहतो. आवडतो मात्र तो, जो ऐकतो आहे याची खूण पटवतो.

दिसण्याचे काय? १९७७ साली निसबेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकाच प्राध्यापकाच्या दोन वेगळ्या मुलाखती दाखवल्या. एकीत तो जिव्हाळ्याने बोलत होता, दुसरीत तुटकपणे. माणूस तोच, चेहरा तोच, उच्चारही तेच. तरी जिव्हाळ्याची मुलाखत पाहणाऱ्यांना त्याचे रूप आणि उच्चार आकर्षक वाटले. तुटक मुलाखत पाहणाऱ्यांना तेच खटकले. म्हणजे रूपामुळे जिव्हाळा वाटतो हे जितके खरे, तितकेच जिव्हाळ्यामुळे रूप खुलते हेही खरे. आरशासमोर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हे कुणीतरी सांगायला हवे.

ओढीचा धोका

डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. गांधीजींचा आग्रह खेड्याचा होता. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या साहित्यातून सजावट केली. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आणि असंख्य कार्यकर्ते राबले. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. त्यांना पाहायला खानदेश लोटला.

अशा गर्दीतून वावरणाऱ्या नेहरूंनी पुढच्याच वर्षी एक विलक्षण गोष्ट केली. नोव्हेंबर १९३७ मध्ये कलकत्त्याच्या ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकात ‘राष्ट्रपती’ नावाचा लेख आला. लेखक म्हणून नाव होते चाणक्य. नेहरूंच्या लोकप्रियतेत हुकूमशाहीची बीजे आहेत, त्यांना पुन्हा अध्यक्ष करू नका, असा त्याचा सूर होता. तो लेख स्वतः नेहरूंनीच लिहिला होता, हे नंतर उघड झाले. आपल्या ओढीचे भय वाटणे हा मोठा गुण आहे.

बाबासाहेब आंबेडकरांनी हीच जाणीव घटनासभेत करून दिली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. वेबर यांनी समाजशास्त्रात जे मांडले, त्याचा नागरिकासाठीचा अर्थ बाबासाहेबांनी सांगितला : मानणारे आपण आहोत, म्हणून न मानण्याचा अधिकारही आपला आहे.

घरगुती पातळीवरही हे लागू पडते. गोड बोलून मन वळवणारा माणूस आपल्याला कुठे नेतो आहे, हे विचारायला हवे. एखाद्याच्या सहवासात आपली हिंमत वाढते, आपले मित्र वाढतात, आपण अभ्यासाला किंवा कामाला अधिक लागतो. दुसऱ्या एखाद्याच्या सहवासात आपण घरच्यांपासून तुटतो, त्याच्या होकाराची वाट पाहत बसतो, आपले मत मांडायला कचरतो. ओढ दोघांचीही असते. पहिली ओढ आपल्याला मोठे करते, दुसरी बांधून टाकते. तरुण मुलींना आणि मुलांना हा फरक वेळेवर कळला तर कितीतरी दुःखे टळतील, असे मला मनापासून वाटते.

‘रिझ’ हा शब्द मुलांनी खुशाल वापरावा. भाषा अशाच वाढतात. पण रील्समध्ये तो मिळवण्याचे जे उपाय सांगितले जातात, म्हणजे नजर अशी ठेवा, केस तसे कापा, उत्तर उशिरा द्या, ते वाघावर बसण्याचे उपाय आहेत. त्यांनी चार दिवस लोक थबकतील. अमळनेरच्या वसतिगृहातला उपाय सोपाही आहे आणि अवघडही. समोरच्या माणसाचे नाव लक्षात ठेवणे, त्याचे बोलणे मध्येच न तोडता ऐकणे, त्याने मागच्या वेळी सांगितलेली अडचण पुढच्या भेटीत आठवणीने विचारणे आणि त्याच्या उपयोगी पडणे. यासाठी रूप लागत नाही, पैसा लागत नाही, इंग्रजी तर मुळीच लागत नाही. लागतो तो वेळ, आणि दुसऱ्या माणसाविषयी खरीखुरी आस्था. ती ज्याच्याजवळ आहे, त्याच्याकडे लोक आपणहून येतात आणि आल्यावर स्वतःही थोडे मोठे होऊन परततात.